शिडी, दोर आणि सॉफ्टवेअर: कणा ताणण्याची २४०० वर्षं

पाठीला कुबड आलं असेल तर एक उपाय सांगतो. एक लांब, भक्कम शिडी घ्या. तिच्यावर उशा-चादरी बांधून ती मऊ करा. पेशंटला तिच्यावर उताणा झोपवा आणि घोटे, गुडघे, कंबर असं ठिकठिकाणी पट्ट्यांनी आवळा. हात अंगालगत बांधा. मग ती शिडी दोरांनी एखाद्या उंच बुरुजावर नाहीतर घराच्या आढ्यापर्यंत खेचून घ्या. कुबड कमरेकडे असेल तर पेशंटचं डोकं खाली, मानेकडे असेल तर पाय खाली. खालची जमीन चांगली टणक आहे ना, तेवढं बघून घ्या. आणि मग दोर सोडा.

घाबरू नका मंडळी, हा उपाय ग्रीसमधला आहे आणि साधारण २४०० वर्षांपूर्वीचा. ज्याच्या नावानं डॉक्टर लोक शपथ घेतात त्या हिपोक्रेटिसच्या नावावर सांध्यांवरचा एक ग्रंथ आहे, त्यात हे सगळं यथासांग लिहिलंय. पट्टा कुठे घट्ट, कुठे सैल, दोर दोन्ही बाजूंनी सारखा कसा सोडायचा, वगैरे. एखाद्या चांगल्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलसारखं.

गंमत पुढे आहे. हे लिहिणारा माणूसच सांगतो की, या शिडीनं कोणाचं कुबड सरळ झालेलं आपल्या तरी माहितीत नाही. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: शिडी वापरणारे वैद्य मुख्यतः लोकांनी तोंडात बोटं घालावीत म्हणून ती वापरतात. माणूस टांगलेला, हिसडलेला बघायला गर्दीला मजा येते, टाळ्या पडतात आणि त्या पेशंटचं पुढे काय झालं याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. म्हणून त्याला स्वतःला ही पद्धत सर्रास वापरायची लाज वाटते. तरीही, करायचीच असेल तर नीट तरी करा, म्हणून सगळं सांगतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शिडी दिसलीच नाही, डोळ्यांसमोर आलं ते वेगळंच. पांढर्‍या-निळ्या रंगाचं गुळगुळीत टेबल, बाजूला टचस्क्रीन, त्यावर हिरवा ग्राफ, आणि खाली ओळ: 'शस्त्रक्रियेविना स्पायनल डीकॉम्प्रेशन'. आपल्यासारख्या दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत काढणार्‍यांना हे फोटो हल्ली वारंवार दिसतात. पाठीत एकदा उसण भरली आणि तुम्ही त्याबद्दल मोबाईलवर काही शोधलंत की पुढचे पंधरा दिवस हीच जाहिरात पाठलाग करते.

टेबलाचं काम सांगायला सोपं आहे. कमरेला एक पट्टा, छातीभोवती किंवा काखेत दुसरा. टेबलाचा खालचा भाग सरकता. मोटर कमरेचा पट्टा ओढते, थोडा वेळ धरते, सैल सोडते, परत ओढते. असं साधारण अर्धा तास. अशा वीसेक बैठका. दावा असा की, या ओढण्यामुळे दोन मणक्यांमधल्या चकतीत, म्हणजे डिस्कमध्ये, दाब इतका उतरतो की तो उणे होतो, बाहेर आलेला गर आत शोषला जातो आणि नस मोकळी होते. मानेसाठीही असंच, फक्त पट्टा हनुवटी आणि डोक्यामागे.

म्हणजे मुळात हे ट्रॅक्शन आहे. आपल्याकडे काही नवं नाही ते. लहानपणी शेजारच्या काकांच्या पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवलेल्या आणि कमरेच्या पट्ट्याला कप्पीवरून वजनं लटकवलेली मी पाहिली आहेत. आम्ही पोरं त्या वजनांना धक्का देऊन पळायचो. काका जे काही बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही.

तर पुन्हा ग्रीसकडे. शिडीला नावं ठेवणार्‍या त्या लेखकाला ओढण्याची कल्पना मात्र पसंत होती. त्यानं सुचवलेला पर्याय म्हणजे एक भक्कम बाक. पेशंट पालथा. काखेतून आणि कमरेवरून पट्टे, दोन्ही टोकांना दांडे, माणसं दोन्हीकडून ओढणार. त्याच वेळी वैद्य कुबडावर हातानं दाबणार, नाहीतर चक्क त्यावर बसणार. किंवा भिंतीत खाच करून त्यात फळीचं एक टोक अडकवायचं आणि दुसरं टोक खाली दाबायचं. तरफ! हा बाक अफाट चालला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सायप्रसच्या अपोलोनियसनं या ग्रंथावर सचित्र टीका लिहिली. त्या चित्रांची बायझंटाइन काळातली नक्कल आजही फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. १४६५ मध्ये तुर्कस्तानातल्या अमास्या गावच्या सबुन्जुओग्लूनं आपल्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथात कणा ओढण्याची रंगीत चित्रं काढली. १५४४ मध्ये पॅरिसला छापलेल्या गुइदो गुइदीच्या ग्रंथात तोच बाक पुन्हा हजर. दीड-दोन हजार वर्षं एकच डिझाइन, फक्त रंगकाम बदलत गेलं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवरचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यातल्या चार क्रियांपैकी पहिली 'आंछन', म्हणजे ओढणं. मग पीडन, संक्षेप, बंधन. पाय मोडलेल्या माणसाला फळीवर झोपवून पाच खुंट्यांना बांधून ठेवायचं 'कपाटशयन'ही तिथे आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण ओढणं ही मुळात खुळी कल्पना नाही. हाड सरकलंय, स्नायूंनी ते आखडून धरलंय, तर ओढून जागेवर आणणं हे शुद्ध यंत्रशास्त्र आहे आणि ते चालतं. मांडीचं हाड मोडल्यावर ट्रॅक्शननं असंख्य जीव वाचलेत. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा नेमकं काय सरकलंय हेच माहीत नसतं आणि तरी ओढलं जातं.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९व्या शतकातलं आहे, आणि मला या सगळ्या इतिहासात ते सर्वांत जास्त अस्वस्थ करतं.

न्यूयॉर्कला लुईस सेयर नावाचे मोठे अस्थितज्ज्ञ होते. (१६५० मध्ये लंडनच्या फ्रान्सिस ग्लिसननं मुडदूस झालेल्या मुलांना हनुवटी आणि काखेत पट्टे घालून टांगण्याबद्दल लिहिलं होतंच, त्यामुळे टांगणं काही सेयरचं नाही.) सेयरनी १८७७ च्या आपल्या पुस्तकात तिपाईचा सांगाडा, कप्पी आणि डोक्याचा पट्टा वापरून पेशंटला उभा टांगायचा आणि तशा ताणलेल्या स्थितीतच अंगावर प्लास्टरचं जाकीट चढवायचं, अशी पद्धत मांडली. कण्याचा क्षयरोग आणि वाकलेला कणा यांसाठी. इथपर्यंत ठीक आहे. क्षयानं खचलेल्या मणक्यांना आधार देणं यात तर्क आहे.

मग ओडेसाचे डॉक्टर मोचुतकोव्स्की यांनी सेयरचं जाकीट चढवण्यासाठी एका पेशंटला टांगलं. त्या पेशंटला वाकलेल्या कण्याबरोबरच 'टेबीज डॉर्सालिस' होता. या रोगात मज्जारज्जूच्या नसा झिजतात, पायांत विजा चमकल्यासारख्या कळा येतात, चालताना तोल जातो. टांगल्यावर पेशंट म्हणाला, कळा कमी वाटतायत. झालं! मोचुतकोव्स्कींनी इतरांनाही टांगायला सुरुवात केली आणि १८८३ मध्ये निष्कर्ष छापले. रशियनमध्ये असल्यामुळे पाच-सहा वर्षं युरोपात कोणी बघितलं नाही. मग ही गोष्ट पॅरिसला पोहोचली, थेट शार्कोपर्यंत. शार्को म्हणजे त्या काळातलं मज्जाशास्त्रातलं सर्वोच्च न्यायालय. १८८९ च्या जानेवारीत सालपेत्रिएर हॉस्पिटलात त्यांनी या उपायावर व्याख्यान दिलं, आणि पाहता पाहता युरोप-अमेरिकेतले पेशंट हनुवटीनं लटकू लागले.

त्यातला एक पेशंट लेखक होता: आल्फाँस दोदे. फ्रेंच साहित्यातलं मोठं नाव, शार्कोच्या ओळखीतला माणूस, आणि टेबीजनं पोखरलेला. त्यानं आपल्या दुखण्याची टिपणं ठेवली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपात आली. संध्याकाळच्या वेळी ते टांगण्याचं काम चाले. चार मिनिटं हवेत, त्यातली दोन नुसत्या जबड्याच्या आधारावर. दात दुखत. खाली उतरवल्यावर अंगात भयंकर अस्वस्थता. फायदा काही जाणवत नाही, असं तो सरळ नोंदवतो. तेराव्या टांगण्यानंतर खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा त्यानं हे थांबवलं.

टेबीज सिफिलिसमुळे होतो. जंतूंनी नसा खाल्ल्या होत्या. दोर कितीही कुशलतेनं ओढला तरी त्या परत येणार नव्हत्या. काही वर्षांतच ही लाट ओसरली, मध्ये काही पेशंट या प्रकारात दगावल्याच्या नोंदीही झाल्या. शार्को मूर्ख नव्हते, ढोंगी तर नव्हतेच. पण टेबीजच्या कळा येतात आणि जातात. ज्या आठवड्यात असह्य होतं त्याच आठवड्यात माणूस डॉक्टरकडे जातो. पुढच्या आठवड्यात जे थोडं बरं वाटतं, ते दोराच्या खात्यात जमा होतं. तुलनेला न टांगलेले पेशंट कोणी ठेवलेच नव्हते. प्रोग्रॅमिंगमध्ये आपण याला काय म्हणू? मशीन रीस्टार्ट केलं, बग गेला, म्हणून रीस्टार्टनं बग दुरुस्त झाला असा रिपोर्ट लिहिण्यासारखं आहे हे.

आता डिस्क. तुमच्या-माझ्या पाठदुखीत हा शब्द इतका रुळलाय की तो फार जुना असेल असं वाटतं. पण डिस्कचा गर बाहेर येऊन नस दाबतो आणि त्यानं सायटिका होतो, ही गोष्ट जगाला नीट पटली ती १९३४ मध्ये. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा सर्जननी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो निबंध छापला. त्याआधी ऑपरेशनमध्ये सापडलेले असे तुकडे बर्‍याचदा गाठी समजले जायचे. हा शोध लागला आणि ट्रॅक्शनला नवीन कारण मिळालं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचे जेम्स सिरिअॅक्स यांनी १९५० च्या सुमारास जोरात मांडलं की मणके ओढून दूर केले की मध्ये पोकळी तयार होईल आणि गर आत खेचला जाईल. कल्पना डोळ्यांसमोर लगेच उभी राहते. इंजेक्शनच्या सिरिंजसारखी.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. समजा ७० किलोचा माणूस पलंगावर पडलाय आणि तुम्ही कमरेला पट्टा बांधून त्याला पायाकडे ओढताय. कमरेखालचं शरीर साधारण अर्धं, म्हणजे ३५ किलो. चादर आणि कातडी यांचं घर्षण धरा ०.५. म्हणजे पहिले १७-१८ किलो नुसते गादीशी भांडण्यात गेले! कण्यापर्यंत काहीच पोहोचलं नाही. ज्युडोविच नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९५५ मध्ये हेच दाखवलं होतं: शरीराच्या वजनाच्या जवळजवळ २६ टक्के ओढ केवळ घर्षणात जाते. त्यावर उपाय म्हणून दोन भागांत सरकणारं टेबल आलं. आता आठवा काकांची ती कप्पी. चार-पाच किलोची वजनं असतील. त्या वजनांनी काकांचा कणा एक मिलिमीटरही ताणला गेला नसणार. पण काका आठ दिवस अंथरुणाला खिळले, आणि बहुधा म्हणूनच लोकांना वाटलं की काहीतरी होतंय.

बरं, ताण कण्यापर्यंत पोहोचला असं धरू. डिस्कमध्ये दाब किती असतो? १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकार्‍यांनी एका निरोगी माणसाच्या डिस्कमध्ये प्रत्यक्ष सेन्सर बसवून दिवसभर मोजलं. (एकच माणूस, हे लक्षात असू द्या.) पडून असताना ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५, आणि पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. मोटारीच्या टायरमध्ये असते ०.२२ च्या आसपास. म्हणजे तुम्ही नुसते उभे आहात तेव्हा त्या डिस्कमध्ये टायरच्या दुपटीहून जास्त दाब आहे. जाता जाता, पाठ न टेकता सैलसर बसल्यावर ०.४६ आणि खुर्चीत घसरून रेलून बसल्यावर ०.२७ भरला. ही माहिती आईला सांगू नका.

सांगायचा मुद्दा असा. टेबलावर अर्धा तास दाब उतरलाही असेल. पण उठून उभं राहिलात की तो जागेवर येणार, आणि पार्किंगपर्यंत जाऊन गाडीत बसेपर्यंत अर्ध्या तासाचं काम पुसलं जाणार. त्यातून कायमचं काही साध्य होत असेल, तर ते कसं, हे वेगळं सिद्ध करावं लागेल.

आजचं टेबल आलं १९९१ मध्ये. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताच्या आरोग्य खात्यात वरिष्ठ पदावर राहिलेले अॅलन डायर यांचं 'व्हॅक्स-डी'. १९९४ मध्ये जर्नल ऑफ न्यूरोसर्जरीत रामोस आणि मार्टिन यांचा छोटा निबंध आला. या टेबलावर पालथं झोपवलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेशंटच्या डिस्कमध्ये सुई घालून दाब मोजला, आणि तो उणे १०० मिलिमीटर पार्‍याच्याही खाली गेला. जाहिरातींमधला 'उणे दाब' आला तो इथून. मोजमाप खरं मानलं तरी ते दाबाचं आहे. पेशंट बरे झाले की नाही, हे त्यात तपासलेलं नव्हतं.

पुढे अशी बरीच टेबलं निघाली. ओढ हळूहळू, लॉगरिदमिक वक्रानं वाढवायची म्हणजे स्नायूंना पत्ता लागत नाही, असं सांगणारी. संगणक, फीडबॅक, ग्राफ. आपल्या जमातीला भुरळ पाडायला एवढं पुरे. आणि यात एक झकास विसंगती आहे. जाहिरातीत आग्रहानं सांगतात की हे ट्रॅक्शन नव्हेच. पण अमेरिकेत ही यंत्रं विकायची परवानगी एफडीएच्या ५१०(के) या वाटेनं घेतली जाते, आणि त्या वाटेचा अर्थ एवढाच की आमचं यंत्र बाजारात आधी असलेल्या यंत्रासारखंच आहे. एफडीएच्या वर्गवारीत ही यंत्रं बसतात कुठे? 'विजेवर चालणारी ट्रॅक्शन उपकरणं' यात. सरकारला 'तेच आहे' सांगायचं आणि पेशंटला 'ते नाहीच' सांगायचं. अमेरिकेच्या मेडिकेअरनं १९९७ मध्येच व्हॅक्स-डीचे पैसे देणार नाही असं जाहीर केलं.

काही जाहिरातींत नासाचं नावही येतं. अंतराळात गुरुत्वाकर्षणाचा भार नाही, डिस्क फुगतात, अंतराळवीर उंच होतात, त्यांची पाठ सुखावते, तेच आम्ही जमिनीवर करतो, वगैरे. उंची वाढते हे खरं, तीन टक्क्यांपर्यंत. बाकी उलटं आहे. अंतराळात गेल्यावर बर्‍याच अंतराळवीरांची पाठ दुखते. २०१० च्या एका अभ्यासात अमेरिकन अंतराळवीरांत डिस्क सरकण्याचं प्रमाण तुलनेच्या गटाच्या ४.३ पट निघालं, आणि परतल्यानंतरच्या काळात ते विशेष होतं. २०१६ मध्ये सहा अंतराळवीरांचे जाण्यापूर्वीचे आणि आल्यानंतरचे एमआरआय ताडून पाहिले तेव्हा डिस्कच्या उंचीत ठाम फरक सापडला नाही, पण कण्यालगतचे स्नायू मात्र चांगलेच रोडावले होते. महिनोन्‌महिने चोवीस तास 'डीकॉम्प्रेशन' घेतलेल्या माणसांची ही कथा आहे.

मग चाचण्या काय सांगतात? २००१ मध्ये व्हॅक्स-डीची ४४ पेशंटवर एक चाचणी झाली. टेबलवाल्यांत ६८.४ टक्के यशस्वी, आणि तुलनेला विजेचे हलके झटके देणारं टेन्स मशीन लावलेल्यांत शून्य. शून्य! पाठदुखीत साखरेच्या गोळीनंही चार जणांना बरं वाटतं. तुलनेच्या गटात एकालाही बरं वाटत नाही, तेव्हा मला संशय चाचणीच्या मांडणीचा येतो. आपला कोड पहिल्याच रनला सगळ्या टेस्ट पास झाला की येतो तसा. त्याआधी, १९९५ मध्ये, लॅन्सेटमध्ये नेदरलँड्सची एक नेटकी चाचणी आली होती, साध्या ट्रॅक्शनची. १५१ जण. अर्ध्यांना वजनाच्या ३५ ते ५० टक्के ओढ, अर्ध्यांना लुटुपुटीची, जास्तीत जास्त २० टक्के. दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नाही. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ माणसं गोळा केली होती. निष्कर्ष हाच: वेदना, हालचाल, कामावर परतणं, यांवर ट्रॅक्शनचा परिणाम नाही किंवा नगण्य. ब्रिटनच्या नाईस संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन देऊ नका असं सांगितलं, आणि जुनाट कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये.

मानेचं थोडं वेगळं आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. मानेतली नस दाबून हातात कळ येणार्‍या ८६ जणांवर २०१४ मध्ये एक चाचणी झाली, त्यात व्यायामाबरोबर ट्रॅक्शन दिलेल्यांना नुसत्या व्यायामापेक्षा जास्त फायदा दिसला. एकच चाचणी आहे, पण दार पूर्ण बंद झालेलं नाही.

हे सगळं मी वाचायला लागलो ते आमच्या टीममधल्या एकामुळे. वय २९. गेल्या वर्षी डावा पाय पोटरीपर्यंत ठणकायला लागला, एमआरआयमध्ये एल-५ एस-१ ची डिस्क बाहेर आलेली. दोन महिन्यांनी ऑनसाइट जायचं होतं. एका क्लिनिकनं त्याला २४ बैठकांचं पॅकेज सांगितलं. त्या पैशात बरा लॅपटॉप आला असता. हप्त्यांची सोय होती. "तू असलं जुनंपानं वाचत असतोस, जरा बघ ना," म्हणाला.

मी त्याला दोनच गोष्टी दाखवल्या. पहिली, २०१५ मधला एक आढावा. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन. विशीतल्या ३० टक्क्यांमध्ये फुगलेली डिस्क, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांमध्ये. म्हणजे रिपोर्टातला प्रत्येक शब्द हा गुन्हेगार असतोच असं नाही. दुसरा, त्याच वर्षीचा, बाहेर आलेल्या डिस्क आपसूक विरघळण्याबद्दलचा. इथे निसर्ग मोठा उलट्या काळजाचा आहे: जेवढी डिस्क जास्त फुटलेली, तेवढी ती जिरण्याची शक्यता जास्त. तुकडा सुटा होऊन पडला असेल तर ९६ टक्के, बाहेर ओघळली असेल तर ७०, थोडी पुढे आली असेल तर ४१, नुसती फुगली असेल तर १३. शरीर त्या तुकड्याला परका समजतं आणि साफ करतं. सायटिकाच्या पहिल्या झटक्यातले बहुतेक लोक ६ ते १२ आठवड्यांत बरेच सावरतात.

आता पॅकेजचं कॅलेंडर बघा. २४ बैठका, आठवड्याला चार, म्हणजे सहा आठवडे.

क्लिनिकमध्ये त्याच्याबरोबर मीही गेलो होतो. तिथली मुलगी अगदी गोड बोलत होती. मी विचारलं, "किती जणांना उपयोग झाला नाही?" तिनं किती जणांना झाला ते सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

तेव्हा मला तो ग्रीक लेखक आठवला. त्याच ग्रंथात त्यानं आपला एक फसलेला प्रयोग लिहून ठेवलाय. पेशंटच्या कुबडाखाली कातड्याची रिकामी पखाल ठेवली आणि लोहाराच्या भात्यानं, पितळी नळीतून, तिच्यात हवा भरली. माणूस ताणलेला असेल तर हवा आत जाईना, आणि फारसा ताण न देता पखाल टम्म फुगवली तर हवं तिथे नव्हे, सगळी पाठच वाकायची. जमलं नाही. आणि हे मी जाणूनबुजून लिहितोय, असं तो म्हणतो, कारण काय केलं आणि ते का फसलं, हेही पुढच्यांच्या कामाचं असतं. २४०० वर्षांपूर्वीचा बग रिपोर्ट आहे हा, पुन्हा करून बघता येईल इतका तपशीलवार.

एक गोष्ट मात्र कोणत्याही इतिहासात न अडकता सांगतो. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं, यातलं काहीही झालं तर ना टेबल, ना व्यायाम, ना थांबून बघणं. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. पाठदुखीबरोबर ताप किंवा विनाकारण वजन उतरणं असेल तरी डॉक्टरांना सांगायला उशीर नको.

आमच्या मित्राला यातलं काही नव्हतं. त्यानं पॅकेज घेतलं नाही. ऑर्थोपेडिकनं दिलेल्या गोळ्या, फिजिओनं दिलेले कंटाळवाणे व्यायाम, आणि दर तासाला उठून पँट्रीपर्यंत एक चक्कर. पाचव्या आठवड्यात रात्रीची झोप लागायला लागली, तिसर्‍या महिन्यात तो विमानात बसला. आता यावरून व्यायामानं बरं झालं असं म्हणायला मी धजत नाही. टेबलावर झोपला असता तरी बहुधा पाचव्या आठवड्यातच झोप लागली असती, आणि मग तो त्या क्लिनिकच्या भिंतीवर हसर्‍या फोटोत दिसला असता. हल्ली तो सकाळी सहाला पोहायला जातो आणि तलावाचे फोटो ग्रुपवर टाकतो. रोज. रविवारी सुद्धा.